सहावी चिठ्ठी

रविवार, १८ ऑगस्ट

जिंकलो! चार गुणांनी. आपल्या आयरिश फुटबॉलच्या चॅम्पियनशिपमधला, गटातला पहिलाच सामना, तोही आपल्या किलमोरनच्या मैदानावर.

माझा लेक फिंटन पूर्ण वेळ खेळला. ऑस्ट्रेलियात गेल्यापासून सहा वर्षांत या मैदानाला त्याचा पाय लागला नव्हता. पण चेंडू हातात आला की पोरगा तोच – मान खाली, डावीकडे एक हूल, आणि मारला उंच खांबांच्या मधून. माझ्या मागे कुणीतरी ओरडलं, "पर्थमध्ये नुसतं ऊन खात नव्हता वाटतं हा!" मी मागे वळून बघितलं नाही, पण कान मात्र तिकडेच.

मी नेहमीप्रमाणे कडेला उभी. संघाची यादी, बदली खेळाडूंच्या चिठ्ठ्या, पंचांना द्यायचे कागद. बावीस वर्षं क्लबची सेक्रेटरी आहे. मॅलकी, माझा नवरा, म्हणतो, तुझ्या थडग्यावर नाव नको, क्लबचा शिक्का मारू.

संध्याकाळी पॅकी घरी आला. पॅकी म्हणजे आमचा प्रशिक्षक, बाकी वेळ गुरांचा डॉक्टर. गमबुटांना लागलेलं सगळं माझ्या फरशीवर. "फिंटन, किती दिवस आहेस रे बाबा?" मी भांडी घासत होते, हात तिथेच थांबले. कारण आल्यापासून बारा दिवसांत मी हे विचारलं नव्हतं. आमच्या घरात विचारायची पद्धतच नाही.

"चॅम्पियनशिप संपेपर्यंत आहे," फिंटन म्हणाला. "हरलो की निघालो."

हरलो की निघालो! म्हणजे आता माझा सगळा जीव त्या चेंडूत.

मंगळवार, २० ऑगस्ट

कॅलेंडर काढून बसले. गटातले अजून दोन सामने. मग उपउपांत्य, उपांत्य, अंतिम. जिंकत गेलो तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. आणि काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, मधल्या श्रेणीचा कप घेतला, तर पुढे प्रांताचे सामने – म्हणजे थेट नोव्हेंबर!

मॅलकी चष्म्यावरून बघत होता. "मधल्या श्रेणीचा कप आपण माझ्या जन्मात जिंकलेला नाही, आणि तू नोव्हेंबरचे बेत करतेस."

या माणसाला आनंदाचं वावडं आहे.

रविवार, १ सप्टेंबर

बरोबरी. त्यांचा एक गोल आणि अकरा गुण, आमचे दोन गोल आणि आठ. गोलाचे तीन धरले की दोन्हीकडे चौदा. गटात बरोबरी झाली तर फेरसामना नसतो, हे माझं फुटकं नशीब; नाहीतर एक आठवडा वाढला असता. सगळ्या गावात बरोबरीसाठी प्रार्थना करणारी बाई मी एकटीच असेन.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

फिंटन पहाटे उठतो. गायी सोडतो, वरच्या शेताचं कुंपण बघून येतो, चहा स्वतः करून घेतो. बापाशी बोलतो ते तारेबद्दल, खांबांबद्दल. पर्थचं काही काढलं की "ठीक आहे." दोन शब्द. जास्त खोदलं की "पॅकीनं पळायला बोलावलंय," आणि गेला.

त्याच्या वयाची निम्मी पोरं बाहेर आहेत. सिडनी, टोरांटो, लंडन. संघाचे पंधरा जमवताना पॅकीच्या नाकी नऊ येतात. फिंटन आलाय, म्हणून लोक मला दुकानात थांबवून सांगतात, "फिल, तुझ्यामुळे यंदा आशा आहे गं." माझ्यामुळे काय! मी फक्त जन्म दिला.

रविवार, ८ सप्टेंबर

हरलो, पण गटातून पुढे गेलो! दुसऱ्या सामन्याच्या निकालाची वाट बघताना गाडीत बसून अख्खी जपमाळ ओढली. मॅलकी म्हणाला, "मेरीमाता बिचारी थकली असेल, दुसऱ्या टोकाला समोरच्या संघाच्या आयाही तेच करतायत."

रविवार, १५ सप्टेंबर

उपउपांत्य जिंकलो. एका गुणानं. माझं वय दहा वर्षांनी वाढलं.

पण फिंटनच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. लंगडत बाहेर आला. मी बर्फ धरून बसले होते, तर म्हणतो, "आई, मी काही वासरू नाहीये." पॅकी म्हणाला, दोन आठवडे पळायचं नाही. म्हणजे उपांत्य सामन्याला बाकावर.

जिंकलो, आणखी दोन आठवडे मिळाले. एवढंच डोक्यात आलं माझ्या. पोराच्या दुखण्याचं काहीच वाटलं नाही. कसली आई मी!

शनिवार, २८ सप्टेंबर

उद्या उपांत्य. समोर टूबरलाग – नदीपलीकडचं गाव.

त्यांची सेक्रेटरी डिम्पना. शाळेत आम्ही एका बाकावर. ती लग्न करून पुलापलीकडे गेली आणि शत्रू झाली, पण वर्षातले दोन रविवारच. बाकीचे पन्नास आम्ही मैत्रिणी. आज फोनवर म्हणाली, "उद्या तुमचा फडशा पाडणार आहोत, फिल. आणि सफरचंदाचा टार्ट आणतेय, शेवटी रडताना खायला होईल." मी म्हटलं, "कडा जाळू नकोस, गेल्या वर्षी दात पडला असता माझा."

मॅलकीनं मेंढ्याच्या पाठीवर हिरवा-पिवळा रंग फवारलाय. क्लबचे रंग. मला म्हणतो आशा ठेवू नकोस, आणि हा बघा. मेंढा दिवसभर माझ्याकडे रागानं बघतोय.

रविवार, २९ सप्टेंबर

जिंकलो!! एका गुणानं! आणि तो गुण कुणाचा? फिंटनचा!

घसा बसलाय, तरी लिहिते. दहाव्या मिनिटालाच आमच्या मॅटीच्या नाकावर कोपर बसलं. रक्ताची धार. रक्त येत असलं की खेळाडूला बाहेर यावंच लागतं, त्याच्या जागी तात्पुरता दुसरा जातो. तसा एक गेला. मग उत्तरार्धात पॅकीनं एकामागून एक बदल केले. मी चिठ्ठ्या लिहितेय, फाडतेय, पंचांकडे पळवतेय. दोन मिनिटं उरली, बरोबरी. पॅकी ओरडला, "फिंटनला घाला!"

"अरे, पाय?"

"पाय गेला खड्ड्यात! चिठ्ठी लिही, फिल!"

लिहिली. फिंटन लंगडतच आत गेला. एकच चेंडू आला त्याच्याकडे. चाळीस मीटरवरून, बाजूच्या रेषेजवळून – आणि गुणाचं पांढरं निशाण वर!

डिम्पना येऊन मिठी मारून गेली. टार्ट मात्र परत नेला, म्हणाली, "हा आता आम्हालाच लागेल." अंतिम सामना तेरा तारखेला. म्हणजे अजून दोन आठवडे. दोन आठवडे माझे!

सोमवार, ३० सप्टेंबर

कुणाला सांगू? इथेच लिहिते.

सकाळी पर्स रिकामी केली. चिठ्ठ्यांच्या नकला टेबलावर मांडल्या, फाइलला लावायच्या म्हणून. बदली खेळाडू पाच चालतात. पाच चिठ्ठ्या होत्या, शेवटची फिंटनची. मग पर्सच्या तळाशी मॅटीची सापडली. वर मोठ्या अक्षरांत 'रक्त' लिहिलेलं. रक्ताची बदली पाचांत धरत नाहीत – पण जखमी खेळाडू परत आत आला तरच. आणि मॅटी परत आलाच नव्हता. त्याचं नाक मोडलं होतं, तो हॉस्पिटलात होता. म्हणजे ती बदली धरायची.

म्हणजे सहा. सहावा फिंटन.

दोनदा मोजलं. मग तिसऱ्यांदा. बावीस वर्षांत अशी चूक केली नव्हती मी.

पंचांच्या लक्षात आलेलं नाही. पण टूबरलागनं बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी हरकत दिली, तर सामना आमच्या हातून गेला. तीन दिवसांची मुदत असते. हरकत कोण लिहितं? सेक्रेटरी.

तेवढ्यात फोन. डिम्पना! माझ्या हातून चमचा पडला.

"फिल, मोकळी आहेस का? जरा बोलायचं होतं."

"बोल की."

आधी पावसाचं काढलं. मग म्हणाली, "फिंटनचा पाय कसा आहे?"

आणि काय झालं कोण जाणे, मला रडू फुटलं. मी, जिला आईच्या मयताला कुणी रडताना पाहिलं नाही! म्हटलं, "डिम्पना, पायाचं नाही गं. हरलो की तो जाणार आहे. पुन्हा सहा वर्षं येणार नाही. कालच्या त्या एका गुणानं मला पंधरा दिवस तरी मिळाले."

मग मला आठवलं मी कुणाशी बोलतेय. तिचा नील बॉस्टनला आहे, नऊ वर्षं, कागदपत्रांशिवाय. तिथून निघाला तर परत जाता येणार नाही. बापाच्या दफनाला आला नाही, फोनवर ऐकत होता, डिम्पनानं शवपेटीजवळ फोन धरला होता. आणि मी तिच्यापुढे पंधरा दिवसांचं रडतेय!

"माफ कर गं," म्हटलं. "तुला काय बोलायचं होतं?"

"काही नाही," ती म्हणाली. "टार्टचं भांडं तुझ्याकडे राहिलंय का, ते विचारायचं होतं."

माझ्याकडे नव्हतं. तसं सांगितलं.

सुटलो, तिला कळलेलं नाही – हे पहिलं मनात आलं. त्याची लाज मागून आली.

मंगळवार, १ ऑक्टोबर

कबुलीला जावं तर फादर ओनी रविवारी आमच्याच बाजूनं ओरडून घसा बसवून बसलेत. ते काय प्रायश्चित्त देणार!

आणि खरं लिहायचं तर: फिंटनची चिठ्ठी लिहिताना माझं पेन थांबलं होतं. क्षणभरच. काहीतरी चुकतंय, एवढं कळलं होतं. मोजायला वेळ होता. मोजलं नाही.

बुधवार, २ ऑक्टोबर

पाच वाजून गेले. काही आलं नाही.

चिठ्ठ्या फाइलला लावल्या. पाच. सहावी एप्रनच्या खिशात आहे.

रविवार, ६ ऑक्टोबर

गावभर झेंडे. प्रत्येक विजेच्या खांबाला हिरवं-पिवळं. चर्चमधल्या मिसेनंतर सगळे फिंटनच्या पाठीवर थाप मारत होते. त्या एका गुणाची गोष्ट आता चाळीस मीटरवरून साठ मीटरवर गेलीय.

आज पुलावर टूबरलागची पोरं भेटली, तीन-चार जणं. वीस-बावीसची असतील. त्यांचा गोलकीपर म्हणाला, "शुभेच्छा, मिसेस. आता तुम्हीच कप आणा, म्हणजे आम्ही चॅम्पियनांकडून हरलो म्हणता येईल." हसला. गोड पोरगा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

फिंटनचा पाय बरा. पॅकीनं त्याला सुरुवातीच्या पंधरात घेतलंय. मी त्याच्यासाठी बेकन-कोबी केला, दोनदा वाढून घेतलं त्यानं. आता आवडीचं सगळं करून घालायचं म्हणून रोज एकेक चाललंय. मॅलकी म्हणाला, "याला इतकं चारलंस तर रविवारी पळणार कसा?" मग हळूच म्हणाला, "मलाही जड जाणार आहे, फिल." पस्तीस वर्षांच्या संसारात असं वाक्य तिसऱ्यांदा ऐकलं. त्याच्या ताटात अजून एक बटाटा वाढला.

रविवार, १३ ऑक्टोबर

हरलो. समोरचा नॉकाराचा संघ दोन गुणांनी पुढे.

आश्चर्य म्हणजे मी शांत होते. शेवटची पाच मिनिटं आमचे सगळे जीव तोडून पळत होते आणि मी बघत होते फक्त फिंटनला. चेहरा लाल, गुडघे चिखलानं भरलेले, दात दिसतायत. हसत होता. हरत असताना! लहानपणी मागच्या शेतात खेळायचा तसा.

शिट्टी झाल्यावर तो जमिनीवर बसला. पॅकी त्याच्या शेजारी बसला. मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घट्ट धरून उभी होते. आज मोजून दिल्या होत्या, प्रत्येक चिठ्ठी. पाचच.

हॉलमध्ये सूप आणि सँडविच. कुणीतरी गाणं सुरू केलं. कुणी रडलं, कुणी प्यायलं. एक म्हातारा म्हणाला, "अंतिम सामन्यापर्यंत तरी गेलो, आता मी सुखानं मरतो." त्याची बायको म्हणाली, "आधी छप्पर दुरुस्त कर."

न्याय झाला असं म्हणावं, तर शिक्षा माझी, आणि भोगली सगळ्या पोरांनी.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

सकाळी माळ्यावरून फिंटनची बॅग काढली. पुसली. त्याचे कपडे इस्त्री करून पलंगावर ठेवले. डोळे कोरडे, मन दगड – आधीच ठरवलं होतं.

तो दारात येऊन उभा राहिला. "बॅग कशाला काढलीस?"

"हरलो ना."

त्यानं बॅग पायानं पलंगाखाली सरकवली. मग म्हणाला, "आई, मी जात नाहीये."

"म्हणजे? तिकीट?"

"परतीचं काढलंच नव्हतं."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

मी पलंगावर बसले, इस्त्री केलेल्या शर्टांवरच. "मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"तिकडे नाही जमलं, आई. दोन वर्षं नव्हतं जमत. काम होतं, पैसे होते, पण सकाळी उठवत नव्हतं." खिडकीबाहेर बघत बोलत होता. "नुसताच परत आलो असतो तर प्रत्येक जण विचारणार, का आलास, काय झालं. फुटबॉलसाठी आलो म्हटलं, की कुणी पुढे विचारत नाही. तुम्हीपण नाही विचारलंत."

खरंच. नाही विचारलं. दोन महिने मी कॅलेंडर बघत बसले, पण पोराच्या तोंडाकडे बघून विचारलं नाही, कसा आहेस रे.

आता विचारलं. एक तास बसलो तिथेच. सगळं इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे. पुढच्या आठवड्यात गावच्या डॉक्टरकडे दोघं जाणार आहोत.

मॅलकीला गोठ्यात जाऊन सांगितलं. त्यानं बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "बरं झालं. वरच्या शेताची तार आता सावकाश लावता येईल." आणि तोंड फिरवून गायीच्या अंगाला कपाळ टेकवलं.

इतकी हलकी झालेय की जमिनीवर पाय नाही. पण एप्रन धुवायला काढला आणि खिशात ती चिठ्ठी. तो जाणारच नव्हता. म्हणजे मी टूबरलागच्या पोरांचा सामना घेतला तो कशासाठी? उगाच. शुद्ध उगाच!

परवा डिम्पनाकडे जाते. काय व्हायचं ते होवो.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

ठरवून गेले होते: आधी चिठ्ठीचं सांगायचं, मग फिंटनची बातमी. कडू आधी, गोड मागून. कोट काढायच्या आधीच म्हटलं, "डिम्पना, उपांत्य सामन्यात आमचे सहा बदली खेळाडू होते."

"ठाऊक आहे की," ती म्हणाली. ड्रॉवरमधून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. हरकतीचा अर्ज. तिची सही. तारीख ३० सप्टेंबर.

"तुला आधी सांगून मगच द्यावा म्हणून फोन केला होता. तर तू रडायला लागलीस."

"डिम्पना! तुमच्या पोरांना कळलं तर?"

"नदीत फेकतील मला. आणि बरोबरच आहे त्यांचं, तो सामना त्यांचा होता. पण नीलचे पंधरा दिवस मला कुणी दिले असते ना, फिल, तर मी अख्खं मैदान लिहून दिलं असतं."

तिनं पाकीट चुलीत टाकलं, एप्रनला हात पुसले आणि माझा कप भरला.

"जाऊ दे ते. फिंटन कधी निघतोय, सांग."